ग्रंथपालबाईंनी लेकीला भुताची कादंबरी दिली

बडोद्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव अर्थातच देत नाही. संस्थानच्या नोकरीसाठी त्यांच्या सासरचं कुटुंब चार पिढ्यांपूर्वी इथं आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, बाहेर गुजराती आणि मुलीची शाळा इंग्रजी माध्यमाची. लेकीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली. अकरावी सुरू होईपर्यंतच्या लांबलचक वेकेशनमध्ये तिनं मराठी कादंबऱ्या वाचाव्यात म्हणून आईनं जवळच्या मराठी वाचनालयात तिचं नाव घातलं आणि ग्रंथपालबाईंना सांगितलं, ‘उन्हाळ्यात वाचायला चांगलं काहीतरी सुचवा.’ आईच्या मनात ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘स्वामी’ होतं. त्यातलं ‘मृत्युंजय’ घरात आहेच, पण लेकीनं ते चाळीसेक पानांनंतर मिटून ठेवलं. ग्रंथपालबाईंनी मुलीशी दोन मिनिटं गप्पा मारल्या आणि तिच्या हातात नारायण धारपांची ‘लुचाई’ ठेवली. मुलीनं ती दोन रात्रींत, दिवा चालू ठेवून संपवली आणि आपल्या पायांनी जाऊन दुसरे धारप आणले.

आई अस्वस्थ आहे. ‘सयाजीरावांच्या गावात राहून माझ्या मुलीनं भुताखेतांचं वाचावं?’ नवरा म्हणतो, वाचतेय ना, मग झालं. सासूबाई हसतात आणि म्हणतात, आम्ही असलं उशीखाली लपवून वाचायचो. पत्राचा शेवट प्रश्नांनी आहे. वाचनालयाच्या कार्यकारिणीकडे तक्रार करावी का? कार्ड बंद करावं का? की मीच यादी करून त्याबाहेरचं काही देऊ नका असं ग्रंथपालांना लिहून द्यावं? आणि तुम्ही तरी एखादी खरी यादी द्याल का?

ताई,

तुमच्या पत्रात ‘लुचाई’बद्दल चांगली दीड पान तक्रार आहे, आणि त्या तक्रारीच्या ओघात एक वाक्य येऊन जातं: ‘दोन रात्री तिनं फोनला हातसुद्धा लावला नाही.’ हे वाक्य तुम्ही गुन्ह्याच्या पुराव्यासारखं लिहिलं आहे. मी वाचनालयाच्या काउंटरमागं बसून नोकरी केली. तिथं मे महिन्यात असं वाक्य ऐकायला मिळालं तर त्या दिवसाचा चहा माझ्याकडून असायचा.

ग्रंथपालबाईंनी नेमकं काय केलं असेल ते आधी सांगते, कारण बाहेरून ते ‘हाताला आलं ते दिलं’ असं दिसतं. नवा वाचक समोर आला की त्याला ‘तुला काय आवडतं?’ असं विचारायचं नसतं. या प्रश्नाला माणसं घरच्यांना बरं वाटेल असं उत्तर देतात, आणि आई शेजारी उभी असली तर विचारायलाच नको. ‘शेवटचं पुरं वाचलेलं पुस्तक कोणतं?’ असं विचारायचं. मग खरं कळतं. तुमच्या लेकीनं बहुधा एखाद्या इंग्रजी थरारकथेचं नाव घेतलं असेल, किंवा पुस्तक सोडून रात्री फोनवर बघितलेल्या मालिकेचं. तेवढ्यावरून बाईंनी ओळखलं असणार की हिला गोष्ट जोरात पुढे जाणारी हवी.

दुसरी गोष्ट त्यांनी ओळखली असणार ती तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुमची लेक मराठी उत्तम बोलते, पण वाचते सावकाश. इंग्रजी शाळेतली मुलं देवनागरी शिकतात ती हिंदीच्या तासाला, आणि दहावीपर्यंत पोचता पोचता तोही सराव पेपरपुरता उरतो. दुकानांच्या पाट्या, वर्गातल्या मैत्रिणींची वही, बसवरची नावं, सगळं गुजरातीत किंवा इंग्रजीत. अशा मुलीला मराठी पान वाचायला तुमच्या दुप्पट वेळ लागतो. जोडाक्षराशी अडखळायचं, ओळ चुकायची, परत मागं यायचं. हे ती तुम्हाला सांगणार नाही, कारण घरात सगळे मराठी आणि आपल्यालाच नीट येत नाही, ही या वयात फार लाज वाटण्यासारखी गोष्ट असते. ‘बोअर आहे’ म्हणून पुस्तक मिटणं सोपं. ज्याला वाचायला कष्ट पडतात त्याला कष्टाचा मोबदला पानापानाला मिळाला पाहिजे. धारपांची वाक्यं छोटी, शब्द रोजचे, आणि प्रकरण अशा ठिकाणी संपतं की पान उलटल्याशिवाय झोप येत नाही. त्या दोन रात्रींत तुमच्या लेकीनं शाळेच्या सगळ्या वर्षांत मिळून वाचली नसतील एवढी मराठी पानं वाचली. तिसऱ्या दिवशी तिचा वाचायचा वेग वाढलेला होता. भुतांनी केलं म्हणून तो कमी ठरत नाही.

आता ‘मृत्युंजय’कडे बघू. ते १९६७ साली आलं आणि तेव्हापासून महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर घराघरांत आहे. त्याच्या थोरवीवर मला वाद घालायचा नाही. पण ते सातशेहून अधिक पानांचं आहे, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा वेगवेगळ्या तोंडून सांगितलेलं आहे, आणि त्याची भाषा संस्कृत शब्दांनी मढवलेली आहे. ती भाषा कानावर असणाऱ्याला त्यात धुंदी चढते. जिच्या कानावर ती कधी पडलीच नाही, तिला प्रत्येक परिच्छेदात तीन शब्द अडतात. चाळीस पानं तिनं काढली, हेच मला जास्त वाटतं. तिला कर्ण आवडला नाही असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे, पण कर्णापर्यंत ती पोचलीच नसेल.

आणि ‘ययाति’? ताई, रागावू नका, पण तुम्ही ते कॉलेजात वाचलंत म्हणता, तर त्यात काय आहे ते आठवत असेलच. कामवासनेच्या आहारी गेलेला राजा, स्वतःचं वार्धक्य मुलाला देऊन त्याचं तारुण्य घेणारा बाप. खांडेकरांना त्यासाठी १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि ते योग्यच झालं. मी ते पुस्तक सोळा वर्षांच्या मुलीला द्यायलाही तयार आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की रक्तपिपासू पिशाच्चामुळे मुलगी बिघडेल आणि ययातीमुळे घडेल, हे आपण कशावरून ठरवलं? बरेचदा पुस्तकातला मजकूर आपण तपासतच नाही. त्याच्या पाठीवर पुरस्काराचा शिक्का आहे का आणि ते दिवाणखान्यातल्या कपाटात शोभेल का, एवढंच पाहतो.

सयाजीरावांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून बोलते. १९०६ साली महाराजांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग लिहावाचायला शिकलेली माणसं वाचायला काही मिळालं नाही तर चार वर्षांत अक्षर विसरतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्यातूनच उभी राहिली. तिचं रॅकमधलं काचेच्या फरशांचं बांधकाम बघायला लोक लांबून येतात. इथल्यांनाच कधीकधी ते माहीत नसतं, असो. गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. या पेट्या पाठवताना ‘शेतकऱ्याला आधी भगवद्गीता, मग बाकीचं’ असा दंडक असता तर पेट्या न उघडता परत आल्या असत्या. सयाजी साहित्यमालेच्या जोडीला सोपी, छोटी पुस्तकं देणारी सयाजी बालज्ञानमाला काढली गेली ती कुणासाठी? जो आत्ताच वाचायला लागला आहे त्याच्यासाठी. तुमची लेक मराठीत आत्ताच वाचायला लागली आहे.

याच गावातला आणखी एक माणूस आठवा. चिं. वि. जोशी बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, पुढे संस्थानच्या दप्तरखान्याचं काम त्यांनी बघितलं. बौद्ध वाङ्मयाचा जाणकार, जुन्या कागदपत्रांत बुडालेला विद्वान. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ निर्माण केले आणि दोन-तीन पिढ्यांना पोट धरून हसवलं. आपलं हे लेखन हलकं आहे म्हणून त्यांनी ते कुठं लपवलं नाही. आणि ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः छापून आलेली एक कादंबरी म्हणजे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० च्या सुमाराला ती वाचणाऱ्यांना आपण अभिजात काही वाचतोय याची कल्पनाही नव्हती. ते पुढच्या अंकात यमूचं काय होतं याची वाट बघत होते. तुमची लेक जशी पुढच्या प्रकरणाची वाट बघते, तशीच.

तुमच्या तीन प्रश्नांकडे येते.

तक्रार करू नका. तक्रारीत लिहिणार काय? कादंबरी वाचनालयाच्या शेल्फवर आहे, मुलगी सभासद आहे, तिनं ती मागितली नाही पण आवडीनं वाचली. एवढ्यावरून कार्यकारिणी फार तर ग्रंथपालबाईंना ‘जरा जपून’ म्हणेल, आणि मग काय होईल ते मी सांगते. पुढच्या मुलीला बाई जपून पुस्तक देतील. म्हणजे श्रेष्ठ, जाडजूड, कुणाचा आक्षेप येणार नाही असं. ती मुलगी परत येणार नाही. बाहेरगावी मराठी वाचनालय चालवणं म्हणजे काय असतं ते आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. वर्गणीचे सभासद बहुतेक साठीच्या पुढचे, नवी पुस्तकं पुण्या-मुंबईहून मागवायची तर टपालखर्च वेगळा, आणि सोळा वर्षांची मुलगी दारात आली की बाईंना दिवाळी वाटते.

कार्ड बंद करणं तर सोडूनच द्या. त्यातून तिला एकच धडा मिळेल, मराठी वाचलं की शिक्षा होते.

तिसरा मार्ग, म्हणजे तुमची यादी आणि त्याबाहेर काही नाही, वरवर समंजस दिसतो आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. उन्हाळ्याच्या यादीवर एक एक नाव खोडत गेलेलं पोर ऑगस्टमध्ये काही वाचत नाही. यादी संपली, वाचनही संपलं. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन आम्हा लोकांना तोंडपाठ असतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ‘मृत्युंजय’ला वाचक हवाच, पण तो या मे महिन्यात तुमच्या घरातच असेल असं नाही.

मग नवरा म्हणतो तसं ‘वाचतेय ना’ म्हणून सोडून द्यायचं? तेही मला पूर्ण पटत नाही. एकामागून एक धारप वाचत गेलं की पाचव्या पुस्तकात भीती वाटेनाशी होते आणि मुलगी फोनकडे वळते, ‘मराठीत एवढंच आहे’ असं समजून. इथं सुचवणाऱ्याचं काम सुरू होतं. उडी मारायला लावायची नाही, पण पुढची पायरी दिसेल अशी ठेवायची. ग्रंथपालबाईंच्या मनात ती पायरी असेलच. त्यांना विचारा. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते.

‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. हे तिला सांगितलं तर बहुधा ती मूळ इंग्रजीही शोधेल आणि दोन्हींची तुलना करत बसेल. करू द्या. बाहेरची भीती मराठी गावात, मराठी घरात आणताना लेखकाला काय काय बदलावं लागतं, हे बघणं म्हणजे साहित्याचा फुकटचा तास आहे. धारपांनंतर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. त्या कादंबऱ्या नव्हेत, पण एका बैठकीत एक कथा होते, आणि त्यातलं भय अनेकदा भुतात नसून माणसाच्या मनात असतं. एवढा फरक तिच्या लक्षात आला की तिचं वाचन बदललं म्हणून समजा.

तिथून जयंत नारळीकर. ‘वामन परत न आला’मध्ये जमिनीत खोलवर एका लुप्त संस्कृतीची पेटी सापडते आणि त्यातल्या ज्ञानावरून माणसं एक यंत्रमानव घडवतात. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. अकरावीला सायन्स घेणारी मुलगी असेल तर हे पुस्तक तिला आपलं वाटेल. सध्या जो तो कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलतोय. मराठीत हा विचार किती आधी होऊन गेला ते तिला कळू दे.

यानंतर माझं सगळ्यात आवडतं उन्हाळी पुस्तक, प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, कूलर घरघरतोय, रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशा दुपारी हिमालयात जावं. मुंबईची नोकरी सोडून सीमेवरचे रस्ते बांधायला गेलेला तरुण इंजिनियर विश्वनाथ, कडा फोडून काढायची वाट, खाली सतलज, आणि वरिष्ठांचा हुकूम आणि स्वतःची बुद्धी यांतली झटापट. लष्कराच्या शिस्तीत ‘मला पटत नाही’ म्हणायची किंमत काय असते, यावर ती उभी आहे. पुस्तक दोनशे पानांच्या आतबाहेर, भाषा सरळ, आणि सुरुवात केली की थांबवत नाही. नुसतं बजावलेलं करायचं नसतं असं सांगणारी कादंबरी आईनं मुलीला द्यावी, याची मला जरा गंमत वाटते, पण द्या.

‘शाळा’ही द्या. मिलिंद बोकिलांची. नववीतला मुकुंद जोशी, त्याची मित्रमंडळी, शिरोडकर नावाची मुलगी, आणि मागं कुठंतरी आणीबाणी. तुमची लेक नुकतीच त्या वयातून बाहेर आली आहे. मुलांच्या डोक्यात वर्गात बसून काय काय चालू असतं हे तिला एका मुलाच्या तोंडून कळेल. एखाद्या पानावर तुमची भुवई वर जाईल. जाऊ द्या. त्या वयातली मुलं जशी बोलतात तशीच ती बोलतात.

जूनच्या आसपास, वाचायचा दम आला की, दोन पातळ पुस्तकं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९). पातळ म्हणजे सोपी असा अर्थ काढू नका. ‘बनगरवाडी’त कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, आणि हळूहळू ती वाडी त्याची होते. मग दुष्काळ पडतो. संवादांत माणदेशी बोली आहे, पण सांगणारा मास्तर शहरी मराठीत बोलतो, त्यामुळे ती अडत नाही, उलट कानाला गोड लागते. ‘रणांगण’ सगळं बोटीवर घडतं. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, त्यातली हॅर्टा आणि परतीच्या वाटेवरचा चक्रधर. नववीच्या इतिहासात मुलांनी नाझींचा धडा पाठ केलेला असतो. त्याच काळात, दुसरं महायुद्ध भडकत असतानाच एका मराठी माणसानं यावर कादंबरी लिहिली, हे कळल्यावर मुलं चकित होतात, असा माझा अनुभव आहे.

ही मी यादी दिली असं तुम्ही म्हणाल. हो, दिली. पण ती तुमच्यासाठी आहे, फ्रिजवर चिकटवायला नाही. मधलं एखादं गळलं, उलटसुलट झालं, ‘शाळा’ आधी आली आणि नारळीकर राहूनच गेले, तर काही बिघडत नाही.

घरात काही गोष्टी पाळाव्यात असं मला वाटतं. बहुतेक वाचनालयांत एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. त्यातलं एक पूर्ण तिच्या मर्जीचं, त्यावर घरात चकार शब्द नाही. दुसरं बाईंनी किंवा तुम्ही सुचवलेलं, आणि तेही पन्नास पानांनंतर नको वाटलं तर परत करायची तिला मुभा. अर्धवट परत केलेलं पुस्तक काउंटरवर ठेवताना ‘कुठं सोडलंस?’ एवढं बाईंनी विचारलं की त्यांना पुढचं सुचवता येतं. आम्हाला संपलेल्या पुस्तकांपेक्षा सोडलेली पुस्तकं जास्त शिकवतात. वाचून झाल्यावर सारांश लिहायला लावू नका, ‘यातून काय शिकलीस’ तर अजिबात विचारू नका. विचारायचंच असेल तर ‘पुढे काय झालं?’ विचारा. ते सांगताना ती अर्धा तास मराठीत बोलेल.

नव्या पुस्तकाची पहिली आठ-दहा पानं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवली तर फार उपयोग होतो. लेखकाची लय कानाला कळली की डोळे मागून येतात. तुमच्या सासूबाई यासाठी अगदी योग्य आहेत, आणि उशीखाली लपवलेल्या पुस्तकांची नावंही त्यांनी तिला सांगावीत. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार त्यात असणार, मी पैज लावते. आजी-नातीत असं काही गुपित तयार होत असेल तर तुम्ही मध्ये पडू नका. वाचायला कंटाळा येईल तेव्हा स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवर मराठी कादंबऱ्या ऐकायला मिळतात. कानात ऐकायचं आणि समोर पुस्तक उघडं ठेवून ओळीवर बोट फिरवायचं, हा सावकाश वाचणाऱ्यांसाठी चांगला सराव आहे. मोठ्या माणसांनीही करून बघावा.

एक काळजी मात्र रास्त आहे. भीतीचं वाचून तिला खरोखरच झोप लागत नसेल, एकटीनं आतल्या खोलीत जायला ती घाबरत असेल, तर तिच्याशी बोला आणि ही पुस्तकं दुपारी वाचायची असं ठरवा. पण हे बोलणं तिच्याशी करा. ती कोणती पुस्तकं नेते हे ग्रंथपालबाईंना परस्पर विचारू नका. सोळाव्या वर्षी वाचनालयाचं कार्ड ही माणसाची स्वतःची गोष्ट असते. चांगले ग्रंथपाल अशा प्रश्नावर हसून विषय बदलतात, तुमच्या बाईही तसंच करतील आणि तुम्हाला राग येईल.

आता जे तुम्ही विचारलं नाही त्याबद्दल. पत्रात एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय की २०१८ साली बडोद्यात साहित्य संमेलन भरलं तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून पिशवीभर कादंबऱ्या घेतल्या होत्या आणि ‘त्यातलं एकही पुस्तक हिनं उघडलं नाही.’ तेव्हा ‘ही’ प्राथमिक शाळेत असेल. मग ती पुस्तकं कुणासाठी घेतली होती? कॉलेजनंतर वाचायला वेळच मिळाला नाही, हे दुसऱ्या पानावर एका ओळीत आहे आणि पुढच्याच ओळीत पुन्हा लेक येते. मला दोष द्यायचा नाही. नोकरी, दोन वेळचा स्वयंपाक, क्लासच्या वेळा, सासूबाईंची औषधं, यातून कादंबरीला जागा काढणं किती अवघड असतं ते मी पाहिलं आहे. अनेक बायका ‘मुलासाठी काही द्या’ म्हणून वाचनालयात येतात आणि त्यांचे डोळे भलत्याच शेल्फवर असतात. तुम्हीही तुमच्या नावाचं कार्ड काढा. वर्गणी फार नसते.

आणि सुरुवात ‘ययाति’ परत वाचून करू नका. ते पुस्तक तुम्ही वीस-बावीस वर्षांच्या असताना वाचलं होतं, त्या आठवणीशी तुलना होत राहील. गौरी देशपांडेंचं ‘एकेक पान गळावया’ घ्या. त्यात तीन दीर्घकथा आहेत, संसार, मुलं, वय वाढणं, सगळं आहे, आणि रडगाणं नाही. रात्री भांडी आवरल्यावर वीस मिनिटं वाचलंत तरी पंधरा दिवसांत होईल. किंवा श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’. डॉक्टर व्हायला सातासमुद्रापार गेलेली आनंदीबाई आणि तिला शिकवण्याच्या हट्टापायी तिच्यावर हात उगारणारा गोपाळराव. मुलीनं शिकावं म्हणून आपण किती आणि कसं ओढायचं, या प्रश्नावर ती कादंबरी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला सल्ला देईल.

सासूबाईंना विसरू नका. गरुडेश्वर, चांदोदला त्या जात असतील तर गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्यांना द्या. नर्मदेची परिक्रमा आहे त्यात, आणि नदी आपल्या शेजारचीच. डोळ्यांचा त्रास असेल तर मोठ्या टायपाची आवृत्ती आहे का ते बाईंना विचारा, नाहीतर नातीकडून वाचून घ्या.

तुमच्यासारखी बाकीची पत्रंही या दिवसांत येतात, त्यांना दोन शब्दांत उत्तर देऊन टाकते. रोज गाडीनं अहमदाबादला ये-जा करणाऱ्या तरुणाला ‘मुंबई दिनांक’ किंवा ‘सिंहासन’: अरुण साधूंचं राजकारण गर्दीतही डोक्यात शिरतं. निवृत्त झालेल्या आणि हाताशी वेळच वेळ असलेल्या काकांना ‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड, उन्हाळा पुरणार नाही. हसायला हवं असेल तर जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’. गावाकडची सुट्टी चुकली म्हणून हळहळणाऱ्याला ‘माचीवरला बुधा’. मराठी अगदीच कच्चं असलेल्या लहान मुलांना फास्टर फेणे, आणि त्यांच्या आईबापांनी ते आधी स्वतः वाचून संपवू नये.

या आठवड्यात वाचनालयात जाल तेव्हा लेकीबरोबर जा, पण काउंटरपाशी तिला पुढे होऊ द्या आणि तुम्ही मागच्या शेल्फकडे वळा. ग्रंथपालबाईंशी तुमचं बोलणं झालंच तर एवढंच सांगा की तिनं ‘लुचाई’ दोन रात्रींत संपवली. बाकी त्या बघतील. ‘मृत्युंजय’ घरातच आहे, त्याला परतीची तारीख नाही. ते तिनं अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात उघडलं तरी चालेल, नाहीतर तुम्हीच उघडा. आणि उरलेले धारप ती आणेल तेव्हा एखादं तुम्हीही मागून घ्या, म्हणजे पुढच्या पत्रात तक्रार करायला निदान वाचलेलं असेल.